दाराआडून ऐकणारी मुलं

आई-बाबांनो,

नवीन पनवेलमध्ये आमची जुनी चार मजली इमारत आहे. लिफ्ट नाही, त्यामुळे जिन्याखाली दुपारी भातुकली मांडून बसलेल्या मुलींचा संसार जाता-येता दिसतो. गेल्या मे महिन्यात भाजीची पिशवी घेऊन वर चढताना मी तिथे थबकले. सहा-सात वर्षांची एक मुलगी विजेच्या मीटरच्या पेटीआड भिंतीला कान लावून उभी होती. दुसरी तिला समजावत होती, "थांब, तू अजून यायचं नाहीस. मी फोनवर बोलते, तू लपून ऐकायचंस आणि मग सगळ्यांना खोटं सांगायचंस." तिसरीने विचारलं, "आणि मी काय करू?" तर तिला उत्तर मिळालं, "तू रड. तुला काहीच माहीत नाहीये."

एकतीस वर्षं मी बालवर्गाला शिकवलं. शेकडो भातुकल्या पाहिल्या. चुरमुऱ्यांचा भात व्हायचा, पाहुणे यायचे, बाहुलीला ताप भरायचा, डॉक्टर म्हणून एखाद्या मुलाला धरून आणलं जायचं. भांडणं व्हायची ती खऱ्या मुलींची, चूल कोणाची यावरून. खेळातल्या घरात कट शिजलेला मी कधी पाहिला नव्हता. त्या दिवशी पाहिला आणि पिशवी ओट्यावर ठेवल्यावरही तो डोक्यातून जाईना.

तुमच्यापैकी पुष्कळ जण मला विचारतात, "बाई, मुलांबरोबर बघण्यासारखी एखादी मालिका सांगा ना." इतके दिवस मी दोन-चार नावं सांगून मोकळी होत असे. आज जरा बसून बोलते.

मालिका चांगली की वाईट हे ठरवताना मी आता एकच गोष्ट बघते. त्या घरातली माणसं एकमेकांना सरळ विचारतात का? रोजची मालिका आठवड्याचे सहा दिवस चालते, म्हणजे वर्षाला तीनशेच्या वर भाग. शेवट कुठे हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसतं. एवढं अंतर चालायचं तर गैरसमज मिटून चालत नाही. सुनेने सासूला "तुम्ही असं म्हणालात का?" असं विचारलं तर तीन महिन्यांचं कथानक पाच मिनिटांत संपेल. म्हणून कोणी विचारत नाही. दार अर्धं उघडं राहतं, अर्धं वाक्य कानावर पडतं, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून कॅमेरा तीन-तीनदा फिरतो. मोठ्यांना ही युक्ती कळते. सहा वर्षांच्या मुलीला वाटतं, घर असंच असतं. तिने अजून दुसरी किती घरं पाहिलीत?

दागिने घालून झोपणाऱ्या नायिकांवर आपण टीका करतो, पण पोरं दागिने उचलत नाहीत, बोलण्याची रीत उचलतात. "तुला बघून घेईन" हे वाक्य बालवर्गातल्या मुलाने मला म्हटलेलं आहे. त्याच्या घरी असं कोणी बोलत नव्हतं. घरी रात्री साडेआठला कोण बोलत होतं, हे मला नंतर कळलं.

आता ज्या मालिका बघाव्यात असं मला मनापासून वाटतं, त्यांच्याबद्दल.

'श्रीयुत गंगाधर टिपरे' तुम्हा बहुतेकांना आठवत असेल. दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी' या वर्तमानपत्रातल्या सदरावरून ती केली होती, दिग्दर्शन केदार शिंदे यांचं. २००१ मध्ये ती अल्फा मराठीवर सुरू झाली. आठवड्याला एक भाग. आबा, शेखर, श्यामला, शलाका आणि शिऱ्या, अशी पाच माणसं आणि त्यांचं मध्यमवर्गीय घर. तिथे कुरबुरी कमी नाहीत. आबांना डावलल्यासारखं वाटतं, शिऱ्याचं काहीतरी बिनसतं, श्यामलाची चिडचिड होते. पण ती माणसं रुसली तरी एकाच टेबलावर जेवतात, आणि जेवता जेवता बोलून टाकतात. आज मुलांबरोबर बघाल तर फोन जुने दिसतील, घर साधं दिसेल. दिसू द्या. आपल्या आधीच्या पिढीच्या घरात आजोबांना मधली खुर्ची होती, एवढं पाहिलं तरी पुष्कळ. प्रतिमा कुलकर्णी यांची 'प्रपंच'ही याच जातीची, तीन पिढ्यांचं एकत्र घर असलेली. मिळाली तर सोडू नका.

'उंच माझा झोका' मी माझ्या नातवाबरोबर पुन्हा पाहिली. रमाबाई रानड्यांवरची ही मालिका झी मराठीवर २०१२-१३ मध्ये चालली. लहानपणीची रमा तेजश्री वालावलकरने केली, मोठेपणीची स्पृहा जोशीने, आणि तिच्या पतीची, न्यायमूर्ती रानड्यांची, भूमिका विक्रम गायकवाड यांनी. मला तिचं महत्त्व एका कारणासाठी वाटतं. सासुरवास, टोमणे, घरातल्या मोठ्या बायकांचा विरोध हे सगळं त्या घरातही आहे. रमाबाईंनी तो खरोखर सोसला आणि 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात लिहूनही ठेवला. रोजच्या मालिकेत असतं तेच साहित्य. फक्त भांडणाच्या मध्यभागी दागिन्यांची पेटी नाही, पाटी आहे. अकरा वर्षांची मुलगी सासरी येऊन अक्षर गिरवते आणि सगळं घर त्यावरून हलतं. नातू एका भागानंतर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आजी, तिला अभ्यास करायचा होता आणि करू देत नव्हते? मला तर उलटं आहे."

मालिका संपल्यावर त्याला घेऊन मी शिरढोणला गेले. पळस्पे फाट्यावरून गोवा महामार्गाला लागलं की थोड्याच अंतरावर हे गाव येतं, वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव. पनवेलची किती मुलं पेण-अलिबागला जाताना गाडीतून गावाची पाटी वाचत असतील आणि पुढे जात असतील! तिथला फडक्यांचा वाडा बघता बघता मी त्याला सांगितलं की फडक्यांनी १८७९ मध्ये बंड केलं तेव्हा इंग्रज सरकारला रानड्यांचाही संशय आला, त्यांची धुळ्याला बदली केली, आणि तिथे त्यांच्या नावाची पत्रं फोडून वाचली जात. रानडे बंडात नव्हते. नातवाने विचारलं, "मग सरकारने त्यांना सरळ विचारलं का नाही?" तो प्रश्न ऐकला आणि मला जिन्याखालची मुलगी आठवली. तिथे उन्हात उभं राहून मी त्याला, मला जमेल तसं, समजावलं की ज्याला दुसऱ्यावर विश्वास नसतो तो दाराआडून ऐकतो, मग ते सरकार असो की माणूस.

लहान मुलांसाठी मात्र माझं पहिलं नाव 'मालगुडी डेज'. आर. के. नारायण यांच्या गोष्टी, शंकर नाग यांचं दिग्दर्शन, एकूण ३९ भाग, आणि आर. के. लक्ष्मण यांनी काढलेली चित्रं. चित्रीकरण कर्नाटकात आगुंब्याला झालं, त्यामुळे पाऊस आणि कौलारू घरं आपल्या कोकणातल्यासारखीच दिसतात. हिंदी सोपं आहे, पाच वर्षांच्या मुलाला तुम्ही शेजारी बसून दोन शब्द सांगितलेत तर पुरतं. नारायण यांच्या गोष्टीत स्वामीला त्याचे वडील एक गणित घालतात. रामाकडे दहा आंबे आहेत, ते पंधरा आण्यांना विकायचे आहेत, कृष्णाला चारच हवेत, तर त्याने किती द्यायचे? स्वामी विचारात पडतो की आंबे पिकलेले आहेत की नाहीत. आमच्या इमारतीतल्या मुलांना मी हे गणित घातलं. आणे म्हणजे काय ते आधी सांगावं लागलं. एकाने सहा आणे असं बरोबर उत्तर दिलं. आणि जिन्याखालची तीच मुलगी म्हणाली, "पण कृष्णाने विचारायचं ना, चारच देशील का म्हणून." मला तिचं उत्तर जास्त आवडलं.

मराठीत 'गोट्या' आहे. ना. धों. ताम्हनकरांच्या पुस्तकावरून राजदत्त यांनी दूरदर्शनसाठी केलेली, पोरक्या मुलाची गोष्ट. सात-आठ वर्षांच्या मुलांना ती कळते आणि पुरते.

मुलं सातवी-आठवीत गेली की 'भारत एक खोज' लावा. श्याम बेनेगल यांची ५३ भागांची मालिका, नेहरूंच्या पुस्तकावर उभी, १९८८ मध्ये दूरदर्शनवर आली. हिच्याइतकं मोठं काम भारतीय दूरचित्रवाणीने केलेलं मी तरी पाहिलेलं नाही. नसीरुद्दीन शाह शिवाजी महाराज आहेत, आणि सदाशिव अमरापूरकर महात्मा फुले. ज्या अमरापूरकरांना तुम्ही खलनायक म्हणून ओळखता, त्यांचे जोतीराव एकदा पाहाच. सगळे भाग ओळीने बघायचा हट्ट नको. शाळेत जो धडा चालू असेल त्या काळाचा भाग लावा. संभाजी महाराजांवरची 'स्वराज्यरक्षक संभाजी' चांगली आहे, अमोल कोल्हे यांचं काम ताकदीचं आहे. पण महाराजांचा शेवट कसा झाला हे आपल्याला माहीत आहे. तो भाग दहा वर्षांच्या आतल्या मुलाने एकट्याने बघू नये.

हिंदीतली 'ब्योमकेश बक्शी' थोड्या मोठ्या मुलांसाठी. बासू चटर्जींची, रजित कपूर यांची. यातही माणसं लपवतात, खोटं बोलतात, पण एक माणूस शांतपणे प्रश्न विचारत राहतो आणि गोष्ट एक-दोन भागांत संपते.

संपते, हा शब्द मी मुद्दाम लिहिला. १९८७ च्या जानेवारीत रामानंद सागरांचं 'रामायण' सुरू झालं तेव्हा मी जुन्या पनवेलमध्ये भाड्याच्या खोलीत राहत होते. टीव्ही घरमालकांकडे. रविवारी सकाळी त्यांच्या दाराशी चपलांचा ढीग पडायचा, आणि भाग संपला की चपला शोधता शोधता अंगणात अर्धा तास चर्चा व्हायची. कैकेयीचं चुकलं की मंथरेचं, यावर घरमालकीणबाई आणि माझी आई आठवडाभर बोलत होत्या. ते अठ्ठ्याहत्तर भाग. पुढच्या वर्षी जुलैत संपले. गोष्ट संपली म्हणून तिच्यावर बोलता आलं. जी संपतच नाही तिच्यावर काय बोलणार? "उद्या काय होणार" एवढंच बोलता येतं.

आता आजीबद्दल, कारण तुमच्यातल्या अनेकांची अडचण तीच आहे. तुम्ही सकाळची लोकल पकडता, रात्री आठला परत येता. हार्बरचं शेवटचं स्थानक आपलं, पार थकून उतरता. दिवसभर घरात आजी आणि नातवंडं. संध्याकाळी सातपासून तिच्या मालिका सुरू. तिच्या हातातून रिमोट काढून घेऊ नका. चौथ्या मजल्यावर दिवसभर एकट्या बसलेल्या बाईला त्या आवाजाची सोबत असते, आणि तिचं गाव, तिच्या मैत्रिणी मागे सोडून ती तुमच्यासाठी इथे आलेली असते. तिच्या शेजारी बसा. मुलांनाही बसू दे. आणि जेव्हा ती दार अर्धं उघडून ऐकणारी बाई दिसेल तेव्हा मोठ्याने विचारा, "आई, हिने सरळ विचारलं का नाही हो?" मी हे माझ्या शेजारच्या काकूंकडे करून पाहिलं. त्या म्हणाल्या, "विचारलं तर मालिका बंद पडेल गं." आणि मग त्यांनीच नातीला सांगितलं की त्यांच्या सासूबाईंशी त्यांचा एकदा कसा अबोला झाला होता आणि तो कसा सुटला. अर्धा तास सांगत होत्या. टीव्ही चालू होता, बघत कोणी नव्हतं.

आणखी एक मनात आहे ते सांगते. सोनी मराठीवर २०२० मध्ये 'सावित्रीजोती' आली. सावित्रीबाई आणि जोतीरावांवरची, अश्विनी कासार आणि ओंकार गोवर्धन यांची. अशा मालिका नाहीत म्हणून आपण तक्रार करतो. ती वर्षभरही टिकली नाही. पुरेसा प्रेक्षक नाही म्हणून त्याच डिसेंबरमध्ये बंद झाली. मीही तिचे मोजकेच भाग पाहिले होते, तेव्हा दुसरं काहीतरी लावलेलं असायचं. त्याची खंत मला आजही आहे. चांगली मालिका चालू असेल तर ती त्याच वेळी, त्याच वाहिनीवर बघा. नंतर कधीतरी मोबाइलवर बघू म्हणून ठेवलेली मालिका तोवर बंद पडलेली असते.

गेल्या जूनपासून दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता माझ्या घरी इमारतीतली मुलं जमतात. 'मालगुडी डेज'चा एक भाग बघतो, बावीसेक मिनिटं. मग टीव्ही बंद करून त्यावर बोलतो, शेंगदाण्याचे लाडू किंवा भिजवलेली चवळी खात. जिन्याखालच्या तिघी येतात. परवा त्यांची भातुकली चालू होती, त्यात आता एक शाळा आहे आणि एक आंबेवाला. मीटरच्या पेटीआड कोणी नव्हतं.

येत्या शनिवारी सतरावा भाग आहे. आमचा हॉल लहान, पण सतरंजीवर अजून सात-आठ मुलं मावतील. येताना आजीलाही घेऊन या, तिच्यासाठी खुर्ची आहे.