‘स्टेम सेल’च्या पदवीसाठी कर्ज काढण्यापूर्वी

बारावीचा निकाल लागला आणि ‘नीट’ची गुणपत्रिका हाती पडली, की दर वर्षी आमच्या टपालात एकाच घाटाची पत्रे येऊ लागतात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळण्याजोगे गुण पडलेले नसतात, खाजगी महाविद्यालयाचे शुल्क ऐपतीपलीकडचे असते, आणि नेमक्या त्याच सुमारास एखाद्या माहितीपत्रकातून ‘स्टेम सेल तंत्रज्ञान’ अशा भारदस्त नावाच्या पदवीची वार्ता घरात शिरलेली असते. मग वडील विचारतात, रक्ताच्या कर्करोगावर या पेशींच्या प्रत्यारोपणाने इलाज होतो असे वाचले, तेव्हा या शाखेला पुढे मागणी राहील ना? कर्ज काढून मुलीला तिथे घालावे, की आणखी एक वर्ष ‘नीट’ला बसवावे?

उत्तर आरंभीच देतो. विषय थोर आहे. ती पदवी मात्र घेऊ नका. आणि मुलीची स्वतःची इच्छा नसेल, तर पुन्हा ‘नीट’लाही बसवू नका.

विषय थोर का, हे आधी सांगितले पाहिजे. ल्युकेमियासारखा जीवघेणा रोग ज्या थोड्या उपचारांनी समूळ बरा होऊ शकतो, त्यांत रक्त निर्माण करणाऱ्या मूळपेशींच्या, म्हणजेच ‘स्टेम सेल’च्या, प्रत्यारोपणाची गणना होते. तीव्र औषधांनी वा किरणांनी रुग्णाची रोगट अस्थिमज्जा नष्ट करायची आणि दात्याच्या निरोगी मूळपेशी शिरेवाटे सोडायच्या, की त्या रक्तातून वाट काढीत हाडांच्या पोकळीत जाऊन ठाण मांडतात आणि दोन-तीन आठवड्यांत नवे रक्त घडवू लागतात. हे आज एका वाक्यात सांगता येते. पण ते साध्य होण्यास किती काळ लागला, याचा हिशेब कोणत्याही माहितीपत्रकात नसतो. अमेरिकेतील कूपर्सटाउन या लहानशा गावी डॉ. ई. डॉनल थॉमस यांनी सहा रुग्णांना दुसऱ्याची मज्जा देऊन १९५७ साली तो प्रयोग प्रसिद्ध केला, आणि त्या सहांपैकी कोणीही फार काळ जगला नाही. पुढल्या वर्षांत, दात्याच्या पेशी रुग्णाच्याच शरीरावर उलटतात हे वारंवार दिसून आल्यावर, अनेक संशोधकांनी हा मार्ग सोडून दिला. थॉमस यांनी सोडला नाही. कुत्र्यांवर प्रयोग चालू ठेवीत, दाता आणि रुग्ण यांच्या ऊतींची जुळणी कशी करावी हे शिकत ते सिअ‍ॅटलला पोहोचले, आणि १९९० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मधली तेहतीस वर्षे पालकांनी शांतपणे ध्यानात घ्यावीत. बालपणीच्या पोलिओमुळे चाकांच्या खुर्चीवरून वावरणारे डॉ. सुरेश अडवाणी याच थॉमस यांच्या संस्थेत शिकून परतले, आणि १९८३ साली परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात ल्युकेमिया झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची मज्जा देऊन त्यांनी भारतातील पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले.

या क्षेत्रात शिरण्याचे परिचित मार्ग थोडक्यात सांगतो. रुग्णावर स्वतः उपचार करायचे असतील, तर एम.बी.बी.एस., मग वैद्यकशास्त्र किंवा बालरोग यांत एम.डी., आणि त्यावर रक्तविज्ञानातील डी.एम.; म्हणजे बारावीनंतर किमान साडेअकरा वर्षे. निव्वळ संशोधन करायचे असेल, तर साधी बी.एस्सी., एम.एस्सी., पात्रता परीक्षा आणि पीएच.डी. पुण्याचे राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, खारघर येथील टाटा स्मारकाचे संशोधन केंद्र, बेंगळुरूचे ‘इनस्टेम’, वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज ही त्यातील मातबर ठिकाणे. पीएच.डी.चा विद्यार्थी वडिलांच्या कमाईवर राहतो हा समजही सोडावा. २०२३ पासून कनिष्ठ संशोधनवृत्ती दरमहा ३७,००० रुपये आहे. गणितात रमणाऱ्या मुलांनाही येथे मज्जाव नाही. रक्ताच्या मूळपेशींचे अस्तित्व टोरांटो येथे १९६१ च्या सुमारास सिद्ध झाले, ते अर्न्स्ट मॅककलक हा वैद्य आणि जेम्स टिल हा भौतिकशास्त्रज्ञ एकत्र आले म्हणून. किरणांनी मज्जा नष्ट केलेल्या उंदरांना त्यांनी दुसऱ्या उंदरांची मज्जा दिली, त्यांच्या प्लीहेवर उठलेल्या गाठी मोजल्या, आणि जितक्या पेशी अधिक टोचाव्या तितक्या गाठी अधिक उठतात, हे त्या मोजणीतून उघड झाले.

आता त्या पदवीविषयी. वयाच्या अठराव्या वर्षी विद्यार्थ्याला रसायन, शरीरक्रिया आणि संख्याशास्त्र यांचा पाया हवा असतो. तो न घालता तीन-चार वर्षे एका अरुंद विषयाची ओळखवजा व्याख्याने ऐकवून जे हाती येते, त्याला संशोधनसंस्थेत किंमत नाही, आणि शासकीय भरतीच्या नियमांत जी विषयनावे लिहिलेली असतात त्यांत ही पदवी बसली नाही, तर अर्ज छाननीतच बाद होतो. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, ठरावीक विकारांसाठी केलेले रक्तमूळपेशींचे प्रत्यारोपण वगळता इतर सर्व स्टेम सेल उपचार अद्याप प्रायोगिक आहेत, आणि ते पैसे घेऊन विकण्यास मुभा नाही. तरीही गुडघेदुखीपासून मतिमंदत्वापर्यंत सर्व काही या पेशींनी बरे करून देण्याच्या जाहिराती झळकतातच. अशा ठिकाणी अगतिक आईबापांना उपचारांचे दर समजावून सांगण्याची नोकरी आपल्या मुलीने करावी, असे कोणता बाप म्हणेल?

त्यापेक्षा एका उपेक्षित मार्गाकडे पाहा. तो प्रयोगशाळा-तंत्रज्ञाचा, म्हणजे बी.एम.एल.टी.चा. मायलोमा या रक्ताच्या कर्करोगात रुग्णाच्या स्वतःच्या मूळपेशी आधी काढून गोठवून ठेवतात. चार-पाच दिवस इंजेक्शने देऊन त्या मज्जेतून रक्तात उतरवतात आणि यंत्राने वेगळ्या करतात. ती पिशवी प्रयोगशाळेत आली, की ‘सीडी-३४’ ही खूण धारण करणाऱ्या पेशी तंत्रज्ञ मोजते. रुग्णाच्या वजनाच्या दर किलोमागे निदान वीस लाख भरल्या नाहीत, तर दुसऱ्या दिवशी रुग्णाला पुन्हा यंत्राला जोडावे लागते, आणि हा निर्णय तिच्या आकड्यावर होतो. मग बर्फाच्या स्फटिकांनी पेशी फुटू नयेत म्हणून डायमिथिल सल्फॉक्साइड मिसळून, मिनिटाला सुमारे एक अंश या गतीने तापमान उतरवीत, ती पिशवी द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत ठेवायची, जिथे तापमान उणे १९६ अंशांच्या आसपास असते. प्रत्यारोपणाच्या दिवशी ती ३७ अंशांच्या पाण्यात वितळवून विनाविलंब रुग्णाला चढवतात, कारण गोठताना पेशींची राखण करणारे तेच रसायन उबेत त्यांना बाधू लागते. त्याचा लसणासारखा दर्प रुग्णाच्या श्वासातून येतो आणि पुढे कित्येक तास खोलीत रेंगाळतो. तोवर रुग्णाची मज्जा औषधाने निकामी झालेली असते. पिशवीवरचा क्रमांक चुकला किंवा पेशी मेलेल्या निघाल्या, तर किती मोठ्या डॉक्टरांची सही कागदावर आहे याला अर्थ उरत नाही.

जुळणीच्या प्रयोगशाळेचे कामही तितकेच मोलाचे. ऊतींची जुळणी ठरवणारी, सहाव्या गुणसूत्रावरील एचएलए जनुके सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक असते, घरोघरी भावंडे कमी होत चालली आहेत, आणि जगातील मोठ्या दातानोंदण्यांत युरोपीय वंशाच्या दात्यांचा भरणा अधिक असल्याने भारतीय रुग्णाला परका दाता मिळणे अवघड जाते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स येथील संशोधकांनी प्रत्यारोपणानंतरच्या तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड हे जुने, स्वस्त औषध देण्याची पद्धत बसवली, आणि अर्धी जुळणी असलेले आईवडीलसुद्धा दाते होऊ लागले. मुंबईच्या आय.आय.टी.त टाटा स्मारकाच्या सहकार्याने घडलेल्या ‘नेक्सकार-१९’ या पेशी-उपचारास २०२३ साली मान्यता मिळाली. तोही निर्जंतुक दालनात जिवंत पेशी हाताळणाऱ्या कुशल हातांवाचून तयार होत नाही.

हा मार्ग सुचवला, की समोर बसलेले वडील बहुधा मुलीकडे न पाहता म्हणतात, “म्हणजे लॅबवाली व्हायचं तिनं?” त्यांस मी डॉ. थॉमस यांच्या पत्नी डोरोथी थॉमस यांचे नाव सांगतो. त्या पत्रकारितेच्या विद्यार्थिनी. पतीच्या वैद्यकीय शिक्षणाच्या काळात त्यांनी प्रयोगशाळा-तंत्राचे शिक्षण घेतले, पुढे आयुष्यभर पतीच्या बरोबरीने प्रयोगशाळेत काम केले, संशोधननिबंधांचे संपादन केले, कारभार सांभाळला, आणि सहकारी त्यांना अस्थिमज्जा-प्रत्यारोपणाची माता म्हणत. मुलीला ज्या कामाची गोडी आहे त्यात वडिलांना इभ्रत दिसत नाही, म्हणून तिची उमेदीची वर्षे आणि घरची जमीन दोन्ही गहाण टाकणे, हा तिच्यावर केलेला अन्याय आहे, आणि तो प्रेमापोटी केला म्हणून सौम्य ठरत नाही.

याहून कठीण पत्रे वेगळीच असतात. घरातले कोणी ल्युकेमियाने गेलेले असते, आणि दुःखाच्या भरात आईवडिलांनी ठरवलेले असते, की आपला मुलगा याच रोगावर संशोधन करील. त्या मातापित्यांविषयी मला अपार सहानुभूती आहे. पण सतरा वर्षांच्या मुलावर मृताचे ऋण फेडण्याची जबाबदारी टाकू नये. वर्षानुवर्षे अपयशी प्रयोग करीत राहण्याचे बळ ज्याला त्या कामाचीच ओढ आहे त्याला मिळते. घरच्यांचा शोक वाहणाऱ्या मुलाला पहिल्या अपयशात आपण माणूसच गमावला असे वाटते. मुलाला इतिहास आवडत असेल, तर त्याला इतिहास शिकू द्या, आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर त्याची इच्छा असेल तर त्याने दातानोंदणीत नाव घालावे.

ज्यांच्या मुलांना या विषयाची खरीच ओढ आहे, त्यांनी प्रवेशापूर्वी महाविद्यालयाकडे लेखी विचारणा करावी: अभ्यासक्रम सहायक आरोग्यसेवा व्यवसायांसंबंधीच्या २०२१ सालच्या कायद्याखाली मान्य आहे काय, शेवटच्या वर्षी विद्यार्थी कोणत्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करतो, आणि मागील तुकडीतील किती जण आज कोठे रुजू आहेत. उत्तरे लेखी येईपर्यंत कर्जाच्या अर्जावर सही करू नये. दरम्यान जवळच्या मोठ्या रक्तपेढीत रीतसर परवानगी काढून मुलीला एक संपूर्ण दिवस तेथील काम पाहू द्यावे, आणि तिला ते आवडले की नाही, हे तिलाच सांगू द्यावे.