मॅग्नेटची चावी हरवली तेव्हा

जुनी गाडी नवी करून घेणाऱ्या ताजिर व कारागीर भावांनी ही हकीकत जरूर वाचावी. कपड्याचे गठ्ठे वाहून थकलेली माझी चेतक स्कूटर मी पूर्ण खोलायला दिली. रंग उत्तम झाला, पण इंजिन जोडताना क्रँकवरची अर्धचंद्राकृती चावी मिळेना. नखाएवढा लोखंडी तुकडा! मॅग्नेटचे चाक क्रँकच्या निमुळत्या टोकावर नटाने आवळले जाते आणि सारा जोर ती पकडच पेलते. चावी फक्त चाकाची जागा ठरवते. मात्र ठिणगीची वेळ त्या जागेवरच अवलंबून. चाक जरा सरकून बसले की गाडी सुरू होत नाही, नाहीतर किक उलटी बसते.

मेकॅनिक म्हणाला, "शेठ, खिळा घासून बसवतो." मी साफ नकार दिला. मग राग निघाला हाताखालच्या पोरावर. घासलेटबरोबर तूच फेकलीस, पगारातून कापतो! पोरगा रडकुंडीला आला. आमच्या दुकानात सांडलेल्या सुया आम्ही चुंबकाने गोळा करतो, ते मला आठवले. म्हटले, "आधी चाक उलटे करून बघा, त्यात चुंबक आहेत." चावी आतच चिकटलेली! तशीच गाडी चालवली असती तर कॉइलची खराबी ठरलेली.

आता गाडी खोलायला देताना मी कापडी पिशव्या सोबत नेतो. एकेका भागाचे नट, चाव्या वेगळ्या आणि पिशवीवर नाव. घासलेट ओतण्याआधी फडक्यातून गाळायचे. फडके माझ्याच दुकानाचे. पोराला त्या महिन्याचा पगार पूर्ण मिळाला, हे मी स्वतः जाऊन विचारले.