आधी वाटे, मग भागाकार

मढच्या आमच्या कोळीवाड्यातील दुसरी-तिसरीची काही मुले संध्याकाळी माझ्याकडे अभ्यासाला येतात. बहुतेकांना दहापर्यंतचे पाढे तोंडपाठ आहेत. परंतु तोंडी उदाहरण घातले की, "ताई, गुणायचे की भागायचे?" असा प्रश्न हमखास येतो. पाढा पाठ होणे आणि गुणाकार समजणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पाठांतर हवेच; पण ते हातांनी केलेल्या कृतीच्या मागून यावे, असे मला वाटते.

गुणाकाराचा आरंभ वलांडीपासून करता येतो. बोंबील सुकवताना दोघांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकतात. एक जोडी दोन, दोन जोड्या चार, तीन जोड्या सहा. हा दोनचा पाढाच होय. पुढे वाळूवर शिंपल्यांच्या तीन ओळी मांडाव्यात, प्रत्येकीत चार. मुलाने बारा मोजले की त्याला शेजारच्या बाजूला बसवावे. आता त्याला तीन-तीनच्या चार ओळी दिसतात. शिंपले मात्र तेच. ३ × ४ आणि ४ × ३ यांचे उत्तर एकच का, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

भागाकार दोन तऱ्हांनी होतो. बारा शिंपले तिघांत वाटले, तर प्रत्येकाला किती? येथे मूल एकेक शिंपला देत जाते. बारा मासे, तीन-तीनचा एक वाटा, तर वाटे किती? येथे ते तीन-तीन उचलते. कागदावर दोन्ही ठिकाणी १२ ÷ ३ = ४ असेच लिहितात; हातांची कृती मात्र निराळी असते. मुलांचा गोंधळ नेमका येथे होतो. तेरावा शिंपला ठेवला की 'बाकी' म्हणजे काय, तेही कळते.

हा विचार नवा नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचे कार्य केले, ते परिसरातील साध्या वस्तूंना शैक्षणिक साधन मानूनच.

माझी आई शाळेत गेली नाही, तरी टोपलीतल्या मासळीचे वाटे ती अचूक लावते. गणित आपल्या घरातलेच आहे, हे अशा घरातल्या मुलाला वेळीच कळले, तर ते त्याला परके वाटणार नाही. आपल्यापैकी जे पुढे शिक्षक होतील, त्यांनी खडू उचलण्यापूर्वी मुलांच्या ओंजळीत शिंपले द्यावेत, एवढीच विनंती.