दोराचा एक वेढा

आमच्या आबांच्या दोन्ही तळहातांवर आडवा, चकचकीत वण आहे. मी तिसरीत असताना विहिरीत मोटार सोडायची होती. मोटार व पाइप मिळून क्विंटलभर ओझे, आणि चार माणसांनी सोल नुसता हातात धरलेला. एकाचा पाय घसरला नि दोर पळाला. बाकीच्यांनी तो सोडला. आबांनी सोडला नाही. विहिरीत कोणी नव्हते, हेच दैव. एक म्हातारे विहीरकामकरी तेव्हा म्हणाले, "निंबाला दोन येढं मारलं असतं, तर पोरानंबी मोटार सोडली असती."

ही मला बढाई वाटली होती. गेल्या हिवाळ्यात महाविद्यालयाच्या शिबिरात दोराने जखमी माणसाला कड्यावरून उतरविण्याचे प्रात्यक्षिक पाहिले, तेव्हा त्यातले शास्त्र उमगले.

खांबाभोवती दोर गुंडाळला की घर्षण ओझ्याचा बराच भाग पेलते. अठराव्या शतकात गणितज्ञ ऑयलर याने त्याचे सूत्र मांडले. विज्ञान शाखेतील मित्राकडून मी ते समजून घेतले. घर्षणगुणक ०.३ धरला, तर प्रत्येक पूर्ण वेढ्याला हाताकडील ताण सुमारे साडेसहा पटींनी घटतो. म्हणजे १०० किलोच्या ओझ्याला एका वेढ्यानंतर सुमारे १५ किलोचा जोर पुरतो; दोन वेढ्यांनंतर सव्वादोन किलोंचा. तिसऱ्या वेढ्याला दोर आपणहून सरकतच नाही, पुढे सारावा लागतो. म्हातारबाबांचा हिशेब चोख होता!

बचावकार्यातील साधने याच तत्त्वावर चालतात. आठाच्या आकाराचे साधन सुटसुटीत, पण दोराला पीळ पाडते. 'रॅक'मध्ये आडव्या दांड्या असतात; ओझे लटकत असतानाही त्या कमीजास्त करून घर्षण बदलता येते.

मात्र घर्षण म्हणजे उष्णता. १०० किलो १५ मीटर उतरविताना सुमारे १४,७०० ज्यूल ऊर्जा मोकळी होते, आणि तिची बहुतेक उष्णताच होते. ती साधनाने सोसायची, तळहाताने नव्हे. नायलॉनचा दोर तर वितळूही शकतो; म्हणून ओझे सावकाश सोडावे.

मित्रहो, आणखी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्या. झाड वा खुंटा आधी ओढून पाहावा. दोराच्या शेवटाला गाठ मारावी. ओझ्याखाली कोणी थांबू नये. आणि माणूस उतरवायचा असेल, तर वेगळ्या आधाराला बांधलेला दुसरा दोर हवाच. त्यावर बारीक दोरीच्या फासाची प्रुसिक गाठ घालतात. ती हाताने सरकते, पण झटका बसताच आवळते. ऑस्ट्रियन गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांच्या नावाने ती ओळखली जाते.

यंदा उन्हाळ्यात मोटार पुन्हा सोडायची होती. निंबाला मी दोन वेढे घातले. आबांनी आधी दोर दोन्ही मुठींत गच्च आवळला. मग हळूहळू बोटे सैल केली. मोटार तरीही सावकाशच उतरत होती. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने दोर माझ्या हाती देऊन विहिरीत डोकवायला गेले.