ट्रॅक्टर व अवजार यांची जुळणी

हिंगोली जिल्ह्यात पुष्कळ ठिकाणी असे आढळते की, ट्रॅक्टर एका कारखान्याचा, रोटाव्हेटर दुसऱ्याचा आणि हळद काढणीचे अवजार तालुक्याच्या वर्कशॉपात घडविलेले असते. यांपैकी प्रत्येक वस्तू आपापल्या जागी उत्तम असेल. परंतु तिन्हींचे मिळून एक यंत्र करण्याचे काम कोणीच केलेले नसते. ते मालकाच्या अंगावर पडते, आणि मोडतोड बहुधा या सांध्यातच होते.

पूर्वी नांगर ट्रॅक्टरच्या मागे नुसता ओढला जात असे. फाळ दगडास अडला की ट्रॅक्टरचे तोंड उचलले जाऊन तो चालकाच्या अंगावर उलटे. आयर्लंडचे हॅरी फर्ग्युसन यांनी १९२६ च्या सुमारास खाली दोन व वर एक अशा तीन दांड्यांची जोडणी व हायड्रॉलिक लिफ्ट यांची सांगड घालून हा धोका पुष्कळ कमी केला. हल्लीचे थ्री पॉइंट लिंकेज ते हेच. त्याच्या पिनांची मापे ठरलेली आहेत. लहान वर्गात खालची पिन सुमारे २२ व वरची १९ मिलिमीटर. त्यावरच्या वर्गात अनुक्रमे सुमारे २८ व २५. मोठ्या भोकात लहान पिन घालून काम भागविण्याची चाल वाईट आहे. भोक लांबट होते आणि अवजार हिसके देऊ लागते. बुश बसवून घ्यावा. त्याचा खर्च अगदी थोडा येतो.

सर्वांत अधिक काळजी पीटीओ शाफ्टची घ्यावयाची. रोटाव्हेटर बहुधा मिनिटास ५४० फेऱ्यांसाठी बनविलेला असतो. इंजिनाच्या किती फेऱ्यांवर ही गती मिळते, हे निरनिराळ्या ट्रॅक्टरांत निरनिराळे असते. सबब पुस्तक पाहूनच रेस ठेवावी. शाफ्टची लांबीही तपासावी. शाफ्ट जोडण्यापूर्वी अवजार वर व खाली ठेवून, दर वेळी इंजिन बंद करून, दोन्ही टोकांतील अंतर मोजावे. अंतर सर्वांत कमी असता आतली नळी तळाशी टेकण्यास इंच-दोन इंच जागा उरावी. न उरल्यास शाफ्ट ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सवर पाचरेसारखा दाबतो. अंतर सर्वांत जास्त असता नळ्या निदान एकतृतीयांश एकमेकींत राहाव्यात.

शाफ्टच्या दोन्ही टोकांस युनिव्हर्सल जॉइंट असतात. असा एकच जॉइंट ३० अंशांत वाकवून फिरविला तर ५४० ची गती दर फेरीत दोनदा ६२४ पर्यंत चढते व ४६८ पर्यंत उतरते. दुसरा जॉइंट हा चढउतार मोडून काढतो. मात्र शाफ्टच्या नळ्यांवरील दोन्ही दुबेळकी एका पातळीत असली पाहिजेत व दोन्हीकडील वाक सारखा पाहिजे. दुरुस्तीनंतर नळ्या एक घर चुकवून बसविल्या की खडखड सुरू होते, आणि दोष मात्र बिचाऱ्या बेअरिंगला दिला जातो! शिवाय हा शाफ्ट सेकंदास नऊ वेळा फिरतो. धोतराचा सोगा वा लुगड्याचा पदर त्यात अडकल्यास हात मागे घेण्यासही वेळ मिळत नाही. वरचे प्लॅस्टिकचे आवरण काढून टाकणारास शहाणा म्हणता येणार नाही.

आता वजनाचा हिशेब. ट्रॅक्टर २००० किलोचा, त्यापैकी पुढच्या चाकांवर ८०० किलो, आणि दोन्ही आसांतील अंतर १९० सेंटिमीटर समजू. ७०० किलोच्या अवजाराचा भार मागच्या आसापासून १३० सेंटिमीटरवर पडत असेल, तर उचलताना पुढचे सुमारे ४७९ किलो कमी होऊन ३२१ उरतात. एकूण वजनाचा पाचवा हिस्सा, म्हणजे ४०० किलो, तरी पुढे राहावा असा सर्वसाधारण नियम आहे. तेव्हा पुढे वजने लावावीत, नाहीतर चढावर स्टिअरिंग ऐकत नाही.

हळदीच्या शेतकऱ्यास आणखी एक जुळणी करावी लागते, ती जमिनीशी. गादीवाफे पाडण्यापूर्वीच मागच्या दोन चाकांच्या मध्यांतील अंतर मोजावे व सऱ्या तितक्याच अंतरावर पाडाव्यात, म्हणजे दोन्ही चाके सरीतून चालतील. पुष्कळ ट्रॅक्टरांत चाकांची तबकडी उलटी बसवून हे अंतर कमीजास्त करता येते. १३.६ इंची टायरास सरीचा तळ त्याहून रुंद हवा. अरुंद सरीत टायर वाफ्याची कड दाबतो, आणि आपल्या काळ्या जमिनीत ओल असता ती दबली की गड्डे पोसत नाहीत. काढणीच्या अवजाराचे पाते वाफ्याच्या पूर्ण रुंदीचे असावे व गड्ड्यांच्या खालून जावे. आरंभी दहा-पंधरा पावले चालवून थांबावे, माती उकरून कापलेली कुडी मोजावीत आणि कापलेली जास्त निघाल्यास टॉप लिंक एखादा आटा फिरवून पात्याचा कल बदलावा.