लेखन केंद्रात रुजू होण्याआधी

विद्यापीठाचं बंद पडलेलं लेखन केंद्र पुन्हा सुरू करायचं काम तुमच्याकडे आलं, तर उद्घाटनाची तारीख ठरण्याआधी जुनी नोंदवही मागून घ्या. तंजावरजवळच्या एका विद्यापीठात मी रुजू झाले, तेव्हा ती कपाटात सापडली. ‘कामाचे स्वरूप’ या रकान्यात पानोपान एकच शब्द: करेक्शन. बहुतेक नोंदी प्रबंध सादर करायच्या ऐन तोंडावरच्या. केंद्र का बंद पडलं, हे कुणाला विचारायची गरजच उरली नाही. तिथे लिहायला शिकण्यासाठी कुणी येत नव्हतं, इंग्रजी दुरुस्त करून न्यायला येत होतं. दोन-तीन माणसांनी प्रबंध दुरुस्त करायचे तरी किती?

आमचीही गाडी त्याच रुळावर चालली होती. फीत कापली गेली आणि विभागांतून गठ्ठे यायला लागले. सोबत चिठ्ठी, साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या अहवालातली टक्केवारी खाली आणून द्यावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. पुढे ४० आणि ६० टक्क्यांच्या पायऱ्या आहेत. संशोधक विद्यार्थ्याचा सगळा जीव त्या आकड्यात अडकतो, मार्गदर्शकाचाही.

तो आकडा काय दाखवत नाही, हे इतिहासाच्या एका विद्यार्थ्याच्या प्रबंधात दिसलं. विषय होता मराठेकालीन छत्रांचा, म्हणजे वाटसरूंच्या जेवणाची आणि मुक्कामाची सोय करणाऱ्या धर्मशाळांचा. साम्य अगदी थोडं. पण तळटीपांत सरळ मोडी कागदांचे हवाले होते, आणि हा मुलगा मोडी शिकलेला नव्हता. तंजावरच्या मोडी कागदांचे तमिळ अनुवाद तमिळ विद्यापीठाने प्रसिद्ध केले आहेत; त्यातले परिच्छेदच्या परिच्छेद त्याने इंग्रजीत उतरवले होते. तमिळमधून इंग्रजीत आलेलं ते उसनं लेखन यंत्राला दिसलंच नाही. मी अहवाल बाजूला ठेवला आणि विचारलं, “मूळ कागद पाहिलास?” अनुवाद वाचलाय, तो म्हणाला. फसवायचा हेतू नव्हता. हवाला कसा द्यायचा, हे त्याला कुणी बसून सांगितलंच नव्हतं.

मग एकेक तळटीप घेतली. अनुवादाचा खंड, पान, अनुवादकाचं नाव आणि इंग्रजी रूपांतर आपण स्वतः केल्याचा स्पष्ट उल्लेख. मी मराठी म्हणजे मोडी वाचणारच, असा त्याचा समज होता. तसं नव्हतं, म्हणून त्याला मोडीच्या जाणकाराकडे पाठवलं. नंतर छत्रातल्या तांदळाच्या हिशोबाबद्दल तो तमिळमध्ये बोलायला लागला, तेव्हा प्रबंधात कुठेच नसलेला त्याचा स्वतःचा मुद्दा बाहेर आला. तो परिच्छेद त्याने आधी तमिळमध्ये लिहिला, मग इंग्रजीत. पेन पूर्ण वेळ त्याच्याच हातात होतं.

म्हणून रुजू होण्याआधीच कुलगुरूंकडून लेखी घ्या, की केंद्र प्रबंध दुरुस्त करणार नाही, टक्केवारीचं प्रमाणपत्र देणार नाही आणि विद्यार्थ्याशिवाय आलेला गठ्ठा ठेवून घेणार नाही. हे तोंडी ठरलं तर मार्च-एप्रिलच्या धांदलीत टिकत नाही. स्टीफन नॉर्थ या अमेरिकी प्राध्यापकाने १९८४ साली एका लेखात हाच आग्रह धरला होता: केंद्राचं काम लिहिणाऱ्याला घडवायचं, त्याच्या हातातला कागद हा निमित्त. नव्या सहकाऱ्यांना तो लेख जरूर वाचायला द्या.

चर्चा तमिळमध्ये होऊ द्या, अगदी आग्रहाने. खेड्यातल्या तमिळ माध्यमाच्या शाळेतून आलेली मुलगी इंग्रजीत दोन वाक्यं बोलून थांबते. तिच्या भाषेत तीच आपलं म्हणणं ठामपणे मांडते. तुम्हाला तमिळ येत नसेल तर हे काम तमिळ येणाऱ्या विद्यार्थी-सहायकांवर उभं राहील. त्यांना विज्ञान आणि कला दोन्ही शाखांतून घ्या, सत्र सुरू होताच प्रथम वर्षाच्या वर्गांत पाठवा आणि त्यांच्या मानधनाची तरतूद पहिल्याच अंदाजपत्रकात करून घ्या.