दहावा सामना : एका अपराजित संघाचा अभ्यास

क्रीडेच्या इतिहासाकडे आपण सहसा निकालांची यादी म्हणूनच पाहतो. कोण जिंकले, कोण हरले, किती गुणांनी, एवढे कळले की आपली जिज्ञासा संपते. परंतु जे सामने झालेच नाहीत, त्यांनाही एक इतिहास असतो. इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने मला सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा १९५१ चा हंगाम या दृष्टीने अभ्यसनीय वाटतो. हा संघ नऊ सामने खेळला आणि नऊही जिंकला. दहाव्या सामन्याला मात्र त्याला कोणी बोलावले नाही. असे का घडले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम खेळाविषयी थोडेसे. अमेरिकन फुटबॉल हा आपल्या परिचयाच्या फुटबॉलहून अगदी निराळा. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो हातात घेऊन पळता येतो, फेकताही येतो. मैदानात प्रत्येक बाजूचे अकरा खेळाडू असतात. चेंडू ज्यांच्याकडे असेल त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. न साधल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. प्रतिपक्षाची अंतिम रेषा चेंडूसह ओलांडली की 'टचडाऊन', म्हणजे सहा गुण. महाविद्यालयांचा हंगाम मुख्यतः सप्टेंबर ते नोव्हेंबर चाले आणि नववर्षाच्या सुमारास निवडक संघांचे 'बाऊल' सामने होत.

आपल्या विषयाचे मर्म या बाऊल सामन्यांतच आहे. तेथे खेळण्याचा मान बहुधा संयोजन समितीच्या निमंत्रणाने मिळे. पॅसाडीनाचा रोझ बाऊल तर १९४७ पासून करारान्वये दोन ठराविक महाविद्यालय-संघटनांसाठीच राखलेला होता, आणि सॅन फ्रान्सिस्को त्यांपैकी कोणत्याही संघटनेत नव्हते. मोठ्या सामन्यांपैकी राहिले मयामीचा ऑरेंज, न्यू ऑर्लिन्सचा शुगर आणि डॅलसचा कॉटन बाऊल. ही तिन्ही शहरे दक्षिणेकडील. तेथे शाळा, बसमधील जागा, उपाहारगृहे, सारे काही वर्णानुसार विभागलेले होते.

आता संघाकडे वळू. जेझुइट धर्मगुरूंनी १८५५ मध्ये स्थापन केलेली ही संस्था आकाराने लहान होती. प्रशिक्षक होते जो कुहारिच. प्रसिद्धीचे काम पाहणारा तरुण म्हणजे पुढे व्यावसायिक फुटबॉलचा आयुक्त झालेला पीट रोझेल. जिनो मार्चेटी हा खेळाडू तर दुसऱ्या महायुद्धात लढून आलेला. संघात दोन कृष्णवर्णीय होते : ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर. मॅटसनने त्या हंगामात चेंडू घेऊन १५६६ यार्ड धाव घेतली आणि २१ टचडाऊन केले. धावेच्या यार्डांत तो देशात पहिला आला. न्यूयॉर्कला फोर्डम विद्यापीठाशी झालेला सामना संघाने ३२–२६ असा जिंकला. हंगामातील सर्वांत चुरशीचा सामना हाच.

त्याच ऑक्टोबरात ओक्लाहोमा राज्यात ड्रेक विद्यापीठाच्या जॉनी ब्राइट या कृष्णवर्णीय खेळाडूचा जबडा प्रतिस्पर्ध्याने प्रहार करून मोडला. त्या वेळी चेंडू ब्राइटकडे नव्हताच. या प्रसंगाच्या छायाचित्रांना १९५२ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. यावरून त्या काळचे वातावरण ध्यानी येईल.

हंगाम संपताना ऑरेंज बाऊलविषयी बोलणी सुरू झाली. निमंत्रण मिळू शकेल, पण मॅटसन व टोलर यांना घरी ठेवावे लागेल, असे संघाला कळविण्यात आले. खेळाडूंनी ठाम नकार दिला. मतदान घ्यावे, असेही कोणाला वाटले नाही. या नकाराची किंमत मात्र मोठी होती. महाविद्यालयाचा फुटबॉल विभाग तोट्यात होता आणि बाऊल सामन्याच्या उत्पन्नाचा त्याला मोठा आधार झाला असता. ऑरेंज बाऊलमध्ये १ जानेवारी १९५२ रोजी जॉर्जिया टेकने बेलरला १७–१४ असे हरविले. दोन्ही संघ केवळ गौरवर्णीयांचे. तिकडे सॅन फ्रान्सिस्कोचा संघ त्या हंगामानंतर बंद करण्यात आला.

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. या संघाचे प्रतिस्पर्धी दुबळे होते म्हणून त्याला निमंत्रण आले नाही, असेही म्हटले गेले. या म्हणण्यात काही तथ्य आहे. देशातील बलाढ्य संघांशी त्याची गाठ पडली नव्हती. परंतु माझ्या मते निमंत्रण-पद्धतीचा दोष नेमका येथेच उघड होतो. नियमाने प्रवेश नाकारायचा तर नियम लिहावा लागतो, आणि लिहिलेल्या नियमाशी भांडता येते. निमंत्रण न देण्यासाठी मात्र कसलेच कारण लिहावे लागत नाही. विचारणा झालीच तर सोयीचे कारण पुढे करता येते.

दक्षिणेत दुसरा मार्ग नव्हताच, असेही नाही. १९४८ च्या कॉटन बाऊलमध्ये पेन स्टेट संघाकडून वॉलेस ट्रिप्लेट व डेनी हॉगर्ड हे दोघे कृष्णवर्णीय खेळले होते. सामना १३–१३ असा बरोबरीत सुटला. पुढे १९५६ च्या शुगर बाऊलमध्ये पिट्सबर्गचा बॉबी ग्रीअर खेळणार म्हणून जॉर्जियाच्या गव्हर्नरने आपल्या राज्याच्या संघाला रोखू पाहिले, तेव्हा जॉर्जिया टेकच्या विद्यार्थ्यांनीच निदर्शने केली आणि सामना झाला. परंतु त्याच वर्षी लुइझियाना राज्याने मिश्र वर्णाच्या सामन्यांना बंदी करणारा कायदा केला. तो घटनाबाह्य असल्याच्या निर्णयावर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले. इतिहास सरळ रेषेत चालत नाही, हेच यावरून दिसते.

त्या संघातील मार्चेटी, मॅटसन आणि बॉब सेंट क्लेअर हे तिघे पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या कीर्तिमंदिरात गेले. मॅटसनने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ४०० मीटर धावण्यात कांस्यपदक आणि रिले शर्यतीत रौप्यपदक मिळविले. टोलरचा खेळ गुडघ्याच्या दुखापतीने संपला. पण १९६५ मध्ये तो राष्ट्रीय व्यावसायिक फुटबॉलमधील पहिला कृष्णवर्णीय पंच झाला. त्याने शिक्षकी पेशा पत्करला व तो मुख्याध्यापकही झाला.

या कथेत गौरवर्णीय सहकाऱ्यांच्या उदारपणाचेच कौतुक करून थांबणे मला अपुरे वाटते. त्यांनी एक सामना गमावला. त्या दोघांना तर आपल्यामुळे सर्वांचे नुकसान झाले, हा भार अकारण वाहावा लागला. अपराध त्यांचा नव्हता, तो निमंत्रण देणाऱ्यांचा होता. म्हणून मित्रहो, यापुढे एखाद्या विजेत्यांची यादी वाचाल तेव्हा आणखी एक प्रश्न अवश्य विचारा : खेळायला बोलावले कोणाकोणाला होते?